आजोबांच्या फोटोतली बंदूक कशी ओळखावी

कोल्हापूर जिल्ह्यात फौजी घरांना तोटा नाही. शिरोळ तालुक्यात तर सैनिक टाकळी नावाचं गावच आहे. अशा घरांत भिंतीवर एक फोटो हमखास असतो: आजोबा किंवा पणजोबा, ताठ उभे, हातात बंदूक. फोटो कोणत्या काळातला हे घरात कुणालाच सांगता येत नाही. बंदूक बऱ्यापैकी सांगते.

आधी फोटो उतरवून घ्या. इथल्या पावसाळ्यात जुने फोटो काचेला चिकटतात. ते ओढून काढू नका, काचेसकटच खिडकीच्या उजेडात मोबाइल जरा तिरका धरून टिपा.

मग बोल्टचा दांडा शोधा, म्हणजे गोळी भरताना मागे-पुढे ओढायची ती मूठ. थ्री नॉट थ्रीला, म्हणजे .303 इंची गोळीच्या ली-एनफिल्ड रायफलला, तो उजव्या बाजूला असतो. फोटोत तो बंदुकीच्या डाव्या बाजूला दिसला तर फोटो उलटा छापलाय. खिशावरच्या पदकांची बाजूही मग उलटीच धरायची.

आता नळीचं टोक. खरी ओळख इथेच पटते. लाकूड अगदी तोंडापर्यंत आलेलं, नळी जेमतेम डोकावतेय, टोक बोथट आणि माशीच्या, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुंटीच्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कान, असं असेल तर ती 1907 पासूनची ली-एनफिल्ड. दोन्ही महायुद्धांत आपल्या पलटणींकडे हीच असायची, इच्छापूरच्या कारखान्यातही ती बनायची. हिची संगीन लांब, तलवारीसारख्या पात्याची. नळी दोन-तीन बोटं बाहेर आली असेल तर तो ली-एनफिल्डचाच नंबर 4, दुसऱ्या महायुद्धातला. त्याची संगीन म्हणजे नुसता टोचा.

टोक बोथटच, पण ट्रिगरपुढची पेटी मोठी आणि चौकोनी? मग ती पेटी, म्हणजे मॅगझिन, थ्री नॉट थ्रीसारखं 10 नाही, 12 गोळ्यांचं. ही 7.62 मिमी गोळीची टू-ए-वन रायफल, 1960च्या दशकातली. पिस्तुलासारखी मूठ आणि 20 गोळ्यांचं लांब मॅगझिन दिसलं तर एसएलआर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल. ती 1962च्या चीन युद्धानंतर आली, त्या युद्धात जवानांच्या हातात थ्री नॉट थ्रीच होती.

एवढ्यावर पैज मात्र लावू नका. थ्री नॉट थ्री पोलिसांकडे पुढे कित्येक दशकं राहिली. 2008च्या हल्ल्यात मुंबईच्या सीएसएमटीवरही ती पोलिसांच्या हातात होती. स्टुडिओत बंदूक नुसती ऐटीसाठीही धरली जाई. म्हणून टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरची अक्षरं आणि डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं नोकरीचं पुस्तक) ताडून पाहा. आजोबा कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्स या पलटणीतही असू शकतात, सगळेच काही बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेले नसतात.

कागद नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जाताना म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पलटणीचं जे नाव आहे तेच लिहून न्या. 'जंगी पलटण' म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, 'काली पाचवी' म्हणजे दुसरी. नंबर विसरला तरी ही नावं घरात टिकलेली असतात.