मराठी पाटी सीएनसीवर चढवण्याआधी

देवनागरी अक्षरं सीएनसी मिलिंगवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या फिरत्या कटरच्या मशीनवर, कापायची, तर खरं काम शिरोरेषेचं. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपला तुकडा घेऊन येतं आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, म्हणून स्क्रीनवर रेघ अखंड दिसते. टूलपाथ, म्हणजे कटरचा मार्ग, मात्र प्रत्येक अक्षराच्या कडेने वेगळा निघतो. फाइल तशीच कोरायला दिली तर सांध्यासांध्यावर उभ्या रेघा उमटतात. अक्षरं आरपार कापायची असतील तर कटर शेजारच्या शिरोरेषेतूनच जातो आणि शब्दाचे तुकडे पडतात.

ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत जॉब टाकण्याआधी गिऱ्हाइकाकडून मजकूर लेखी मंजूर करून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सगळं. एकदा अक्षरांचे आकार जोडून एक केले की वेलांटी बदलता येत नाही, त्यामुळे न जोडलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवाच. मापही आत्ताच ठरवा. दुकानाची पाटी असेल तर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, हा राज्याचा २०२२ चा नियम आहे.

मग मजकुराचे कर्व्ह करा, म्हणजे टाइप केलेली अक्षरं नुसत्या आकारांत बदला, शब्दातली सगळी अक्षरं निवडा आणि वेल्ड मारा, म्हणजे त्यांचा एकच आकार होतो. इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये यालाच युनियन म्हणतात. जोडून झालं की भरलेला रंग काढून नुसत्या कडा बघा आणि मोजा. ‘ठाणे’ शब्दात साध्या ठळक टायपात तीनच कडा उरायला हव्यात: बाहेरची एक, ठच्या पोटातली एक आणि णच्या वाटीतली एक. चौथी दिसली तर कुठेतरी दोन शिरोरेषा एकमेकींना नुसत्या टेकल्या आहेत, चढलेल्या नाहीत, किंवा तोच आकार दोनदा पेस्ट झालाय. टेकलेलं अक्षर ०.२ मिमी आत सरकवून पुन्हा जोडा. पोटातली कड गायब असेल तर ठ भरीव कापला जाईल. ही मोजणी कधीही टाळू नका. पितळेचा पत्रा फुकट जाण्यापासून हीच वाचवते.

कटरचा हिशोबही इथेच करा. ३ मिमी व्यासाचा एंडमिल (मिलिंगचा कटर) आतल्या कोपऱ्यात १.५ मिमीची गोलाई सोडतोच, आणि ठ व काना यांच्यात ३ मिमीपेक्षा कमी फट असेल तर तिथे तो शिरतच नाही. अक्षरं एकमेकांपासून लांब सरकवा, नाहीतर बारीक कटर घ्या. पण अक्षरं सरकवायची तर न जोडलेल्या प्रतीत, आणि सरकवल्यावर पुन्हा वेल्ड.

मशीनसाठी डीएक्सएफ (रेखाटनाची फाइल) काढताना एकक मिलिमीटर ठेवा आणि कॅममध्ये, म्हणजे टूलपाथ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडल्यावर पाटीची रुंदी मोजा. इंचाचा घोळ झाला तर माप २५.४ पटीने चुकतं. वळणांचे शेकडो बारीक तुकडे झाले असतील तर मशीन गचके खातं, तेव्हा शक्य तिथे आर्क (वर्तुळाचे कंस) बसवून घ्या. कापताना आधी आतल्या कडा, मग बाहेरची, आणि कापलेला तुकडा सुटू नये म्हणून टॅब, म्हणजे न कापलेले छोटे दुवे. सिम्युलेशन बघून झालं की झेड (कटरची उभी दिशा) वर उचलून, पत्र्याला न लावता, एक फेरी हवेत काढा.