हँड ब्लेंडर घेतलाय? मग या चुका टाळा

लग्नात आहेर म्हणून आलेला किंवा तुळशीबागेत फिरताना ‘असू दे घरात’ म्हणून उचललेला हँड ब्लेंडर पुण्यातल्या बऱ्याच घरांत असतो. नव्या नवलाईत त्याच्याकडून सगळं करून घेतात. ओल्या नारळाची चटणी झाली, दाण्याचं कूट झालं, इडलीचं पीठ झालं, वर बर्फही फोडून झाला. मग एक दिवस तो जळतो आणि ‘याच्यात काही दम नाही’ असा निकाल लागतो.

दम आहे असं म्हटलं होतं कोणी? घरचा मिक्सर ५०० ते ७५० वॉटचा, हा बहुधा २०० ते ३०० वॉटचा. रॉजर पेरिनजाकेट नावाच्या स्विस गृहस्थांनी १९५० साली याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ रचना तीच आहे: वर मोटर, खाली दांडा, टोकाला टोपीत बसवलेलं पातं. पातं पदार्थ खालून ओढतं आणि टोपीच्या खाचांतून बाहेर फेकतं. म्हणजे पदार्थ आपणहून पात्याकडे वाहत आला पाहिजे. जो वाहत नाही, तो याच्या हद्दीबाहेरचा. एवढं कळलं की पुढचं निम्मं वाचलं नाहीत तरी चालेल.

घट्ट पदार्थात दांडा खुपसणे

दर होळीला कुठल्या ना कुठल्या घरात हे होतंच. मागे कर्वेनगरला भाचीकडे झालं. डाळ शिजवून निथळली, गूळ घातला, उलथणं उभं राहीपर्यंत पुरण छान आटवलं. इथवर सगळं नीट. पण पुरणयंत्र कोण काढणार आणि नंतर कोण घासणार, म्हणून बाईंनी त्या गोळ्यात हँड ब्लेंडर घातला. पातं जागच्या जागी फिरून आपल्यापुरता खड्डा करतं, बाजूचं पुरण ढिम्म हलत नाही. मग जोर लावायचा, दाबायचं, बटण सोडायचं नाही. जळका वास आला तेव्हा तिला वाटलं पुरण खाली लागलं, म्हणून तिने गॅस बंद केला! ब्लेंडर चालूच. धूर निघाल्यावर प्रकाश पडला.

सासूबाई जेवायला यायच्या होत्या. शेवटी शेजारच्या आजींकडून पुरणयंत्र आणलं, पण तोवर पुरण गार होऊन दगड झालेलं. दुधाचा हबका मारून परत गरम केलं, तेव्हा कुठे ते जाळीतून उतरलं.

ब्लेंडर घेऊन आम्ही बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने तो उघडलाही नाही, नुसता नाकाशी नेला. “पुरण का? ताई, हा ताकाचा गडी आहे.” वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळालं होतं, आणि ते भरायला जवळपास नव्या ब्लेंडरइतकेच पैसे पडणार होते.

का जळतं, तेही समजून घ्या. पातं अडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. तिला गार ठेवणारा पंखा तिच्याच फिरत्या आसावर असतो, त्यामुळे मोटर मंदावली की वाराही मंदावतो. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच वारा मिळत नाही. सलग किती वेळ चालवायचा हे सोबतच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, बहुतेकदा मिनिटभराच्या आतबाहेर. ती पुस्तिका आपण खोक्यासकट रद्दीत दिलेली असते.

पुरणाला तो वापरूच नका असं माझं म्हणणं नाही. मी गूळ घालायच्या आधी वापरते. डाळ मऊ शिजली की कट सगळा काढत नाही, थोडा राखते आणि गरम असतानाच थांबत थांबत फिरवते. गूळ त्यानंतर. आटायला वेळ जास्त लागतो, हे कबूल. घाई असेल त्यांनी पुरणपोळीच्या वाटेला जाऊ नये, श्रीखंड आणावं.

आणावं म्हणते, कारण घरचा चक्का यात घातलात तर पाणी सुटून त्याची लस्सी होते. चक्का चाळणीवर किंवा पुरणयंत्रातच फेटावा.

पसरट भांडं आणि अधीर अंगठा

ओट्यावरच्या टाइल्सवर टोमॅटोच्या साराचे शिंतोडे दिसले की समजावं, कुणीतरी पातं बुडायच्या आधी बटण दाबलं किंवा चालू असतानाच दांडा वर उचलला. कढईत, पसरट लंगडीत हे हमखास होतं. उभं पातेलं घ्या, निम्मंच भरा. आधी पातं बुडवायचं, मग बटण. आधी बटण सोडायचं, पातं थांबू द्यायचं, मग वर काढायचं. सार उकळत असेल तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. तेवढा धीर नसणाऱ्यांच्या मनगटावर डाग असतात, मी पाहिलेत. टोपी तळाला चिकटून बसली तर ओढाताण नको, थोडी तिरकी केली की सुटते. नॉनस्टिकमध्ये तर घालूच नका.

बटाटे यात कधीही नाहीत. स्टार्च मोकळा होऊन लगदा ताणायला लागतो, त्याचे वडे होत नाहीत. आमरसात हवा भरून तो फिकट आणि फेसाळ होतो. रायवळ आंबा असेल तर धागे पात्याला गुंडाळले जातात ते वेगळंच. अळूच्या फदफद्याला डाळघोटणीच बरी, कारण भाजीत थोडं अळू जिभेला लागलं पाहिजे.

ते धागे काढायची वेळ आली की आधी प्लग काढा. बटण बंद आहे एवढ्यावर विसंबू नका, प्लगच काढा. एका हातात दांडा धरून दुसऱ्या हाताने पातं साफ करताना अंगठा बटणावर कधी पडतो ते कळत नाही, आणि बोट गेल्यावर कळून उपयोग नाही. या एका बाबतीत मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

मग करायचं काय याचं?

ताक. कढीसाठी गार ताकात बेसन मिसळणं. चुलीवर ठेवायच्या आधी फिरवलं तर गुठळी राहत नाही. पिठल्याचंही तसंच. वरण घोटताना दोनतीनदा दाबायचं आणि सोडायचं, नाहीतर त्याचं सूप होतं. लोणी काढायचं असेल तर पात्याऐवजी फेटायची चकती लावा. उन्हाळ्यात लोणी जमत नाही म्हणून लोक वेग वाढवतात. पण जास्त फिरवण्याने साय उलट आणखी कोमट होते. बर्फाचं पाणी घाला, वेग कमी ठेवा.

बिघडलाच तर

मोटरचा आवाज येतो पण पातं फिरत नाही: सुटा दांडा असेल तर जोडावरचं प्लॅस्टिकचं कपलिंग झिजलेलं असतं. हा स्वस्त भाग आहे, बदलून मिळतो. अचानक बंद पडला आणि अंग गरम लागतंय: प्लग काढून अर्धा तास बाजूला ठेवा, काही मॉडेलमध्ये तापल्यावर बंद पडायची सोय असते. पात्यापाशी काळपट तेलकट काही दिसलं: आतलं सील गेलंय आणि ग्रीस बाहेर येतंय. पुसून परत वापरू नका, दांडा बदला. आणि आत्ता त्यात फिरवलेलं वरण ओतून द्या, कितीही जिवावर आलं तरी.