जिभेचे सिम्युलेशन शिकणाऱ्यांसाठी: मेशवर आधी संशय घ्या

जिभेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कितपत बोलता आणि गिळता येईल, याचा अंदाज संगणकावर आधीच बांधू पाहणाऱ्यांना फायनाइट एलिमेंट पद्धत, म्हणजे वस्तूचे छोट्या घटकांत तुकडे पाडून त्या जाळीवर (मेशवर) गणित सोडवण्याची रीत, ठाऊक असते, असे मी धरून चालतो. ज्या अडचणीने मला सर्वाधिक काळ अडवून ठेवले, तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहितो.

जीभ म्हणजे जवळजवळ सगळा स्नायूच. ती एकीकडे दबली की दुसरीकडे फुगते, पण तिचे घनफळ बदलत नाही. म्हणून पॉयसन गुणोत्तर (एका दिशेने ताणल्यावर पदार्थ आडवा किती आक्रसतो याचे माप; ०.५ म्हणजे घनफळ अजिबात न बदलणे) ०.५ च्या अगदी जवळ, ०.४९ किंवा ०.४९९ धरावे लागते. एमआरआयवरून आपोआप तयार होणारा मेश बहुधा चार बिंदूंच्या चतुष्फलकांचा असतो आणि या गुणोत्तराला असे घटक ‘लॉक’ होतात. प्रत्येकाला आपले घनफळ राखण्याची सक्ती झाल्याने वाकायला मोकळीकच उरत नाही आणि अख्खी जीभ खोटी ताठर होते. प्रोग्राम काहीही तक्रार करत नाही. खरा घात पुढेच आहे: अर्धी जीभ काढून तिच्या जागी हाताच्या कातडीचा तुकडा (फ्लॅप) बसवल्यावर हालचाल घटणार हे आपण गृहीतच धरलेले असते, उत्तरही तसेच येते, आणि मेशचा दोष शस्त्रक्रियेचा परिणाम म्हणून प्रबंधात जातो.

तेव्हा आधी निरोगी जीभ घ्या, जीभ पुढे आणणाऱ्या जिनिओग्लॉसस स्नायूला दर वेळी तेवढाच जोर द्या आणि मेश बारीक करत जिभेचे टोक किती पुढे येते ते पाहा. ते दर वेळी आणखी पुढे जात असेल, तर त्या मॉडेलवरून रुग्णाविषयी एक अक्षरही लिहू नका. दहा बिंदूंचे चतुष्फलक किंवा दाब स्वतंत्रपणे सोडवणारी मिश्र मांडणी वापरली की हे सुटते. गणित अवघड आहे, पण आवाक्याबाहेरचे नाही. धीर सोडू नका.

रंगीत चित्रांवर खूश होणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘मेश बारीक केल्यावर काय झाले?’ असे विचारणारा मार्गदर्शक निवडा, आणि वाचाउपचारतज्ज्ञांजवळ बसून रुग्णाचा ‘ट’ आणि ‘ळ’ ऐका. ग्रेनोबलच्या गटाने २००७ मध्ये फ्लॅपचा ताठरपणा बदलून हालचाल तपासली होती. तोच धडा गिरवा, कारण फ्लॅप स्नायूसारखा स्वतः आकुंचन पावत नाही आणि किरणोपचारानंतर भोवतालच्या ऊती कडक होत जातात.

आपल्याकडे गाल आणि हिरडीचे कर्करोग फार आढळतात, त्यामुळे जबडा किती उघडेल हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो. तिथे अधिकच जपा: मॉडेलमध्ये लॉक झालेला गाल सुपारीमुळे आखडलेल्या खऱ्या गालासारखाच दिसतो.