वर्गात टॅब वापरताना या चुका टाळा: एकावर चाललं म्हणजे तिसांवर चालेलच असं नाही

अपूर्णांकांचं एक ॲप मी आदल्या दिवशी माझ्या टॅबवर नीट चालवून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात ३० मुलांनी ते एकदम उघडलं आणि ३० पडद्यांवर चाक गरगरत राहिलं. निम्मा तास बाकांमधून धावण्यात गेला. तेव्हापासून कुठलंही ॲप वर्गात आणण्याआधी मी शाळा सुटल्यावर आठ-दहा मुलांना थांबवते आणि त्यांच्याच टॅबवर, त्यांच्याच लॉगिनने ते एकाच वेळी उघडायला लावते. खाली सांगितलेल्या बहुतेक अडचणी त्या दहा मिनिटांत समोर येतात.

पहिली वायफायची. घरातले चार-पाच फोन सांभाळणारा राउटर ३० टॅबपुढे मान टाकतो. वायफायच्या लहरींचे दोन मुख्य पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे लहरींच्या वाटा, जेमतेम तीन (१, ६ आणि ११), आणि शेजारच्या वर्गांचे राउटरही त्यांवरच असतात. म्हणून टॅब ५ गिगाहर्ट्झवर जोडा. या लहरी भिंतीतून कमी जातात, तेव्हा राउटर वर्गातच हवा, व्हरांड्यात नको. व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. इंटरनेटचा भरवसाच नसेल तर कोलिब्रीसारखी व्यवस्था पाहा. त्यात धडे एका संगणकावर असतात आणि टॅब ते वर्गातल्याच नेटवर्कवरून उघडतात. ॲपचे अपडेट रात्री होऊ द्या. भर तासात सगळे टॅब अपडेट घेऊ लागले की बाकी काहीच हलत नाही.

एक अडचण मात्र डोकं फिरवते. नेट चालू, पासवर्ड बरोबर, तरी एखादाच टॅब ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसतो. अशा वेळी त्याची तारीख पाहा. सुट्टीत बॅटरी पूर्ण उतरली की काही टॅबांची तारीख मागे जाते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते, आणि जुन्या तारखेवरच्या टॅबच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. तारीख-वेळ आपोआप ठरण्याची सेटिंग चालू करा, काम भागतं. हे माहीत नसताना मी एक धडधाकट टॅब दुरुस्तीला पाठवला होता.

लांब सुट्टीआधी बॅटरी रिकामी ठेवू नका, १०० टक्के भरूनही ठेवू नका. निम्मी भरा, टॅब बंद करा, थंड जागी ठेवा. पूर्ण उतरलेला टॅब चार्जरला लावल्यावर लगेच सुरू झाला नाही तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. पण पाठ फुगलेली किंवा पडदा उचललेला दिसला तर तो चार्जिंगला लावू नका आणि मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

लहान मुलांना लांबलचक पासवर्ड नको. ॲपमध्ये क्यूआर कोडने लॉगिन होत असेल तर कोड छापून घ्या, तासाला वाटा आणि परत गोळा करा.

मुलं भलतीकडे जातात म्हणून आयपॅडवर ‘गायडेड ॲक्सेस’ किंवा अँड्रॉइडवर ‘ॲप पिनिंग’ लावून पडदा एकाच ॲपवर ठेवता येतो. जरूर लावा, पण त्यावर विसंबू नका. २०१३ साली लॉस एंजेलिसच्या शाळांनी आयपॅड वाटले, तेव्हा काही आठवड्यांतच मुलांनी त्यातलं प्रोफाइल, म्हणजे निर्बंध लावणारी सेटिंग, काढून टाकून निर्बंध ओलांडले. नेमकं काम आणि ते संपवायची वेळ फळ्यावर लिहिलेली असली की मुलं जास्त टिकून राहतात, असा माझा अनुभव आहे.

मला सगळ्यात जास्त खुपते ती चूक वेगळीच आहे. ॲप आवडलं म्हणून आधी निवडायचं आणि धडा मागून त्याला जोडायचा. मुलं शांत बसून बोटं चालवतात, तारे जमत जातात, आपल्याला वाटतं शिकतायत. चार पर्यायांच्या प्रश्नांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरी २५ टक्के उत्तरं बरोबर येतात. म्हणून ‘३० टक्के बरोबर’ दाखवणारा अहवाल काहीच सांगत नाही. ॲप निवडताना मुद्दाम चुका करून पाहा. १/२ + १/३ = २/५ असं उत्तर द्या, मुलं हमखास देतात तसं. नुसती लाल फुली दाखवून ॲप पुढे गेलं तर ते परीक्षा घेतंय, शिकवत नाही. दोन्ही अपूर्णांकांचे तुकडे शेजारी ठेवून, २/५ तर १/२ पेक्षाही लहान आहे हे दाखवणारं ॲप मिळालं तर ते घ्या.

बोट लावण्याआधी वही उघडायला लावा. जिओजेब्रा या आकृत्या हलवून पाहायच्या गणिताच्या ॲपमध्ये त्रिकोणाचं टोक ओढलं तर कोनांची बेरीज वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील, हे आधी लिहायचं आणि मग ओढायचं. कोण कुठे अडलंय ते मला पडद्यापेक्षा त्या वहीत लवकर दिसतं.

इन्स्टॉल करताना परवानग्याही वाचा. गणिताच्या ॲपला मुलाचा ठावठिकाणा आणि संपर्कयादी कशाला हवी? नाकारा, आणि खात्यात मुलांची पूर्ण नावं घालू नका.

आणि टेबलावर त्याच धड्याचे कागद तयार ठेवा. पाच मिनिटांत टॅब चालू झाले नाहीत तर ते मिटून कागद वाटा. बिघाड काय होता ते तास संपल्यावर शोधा.