नव्या संगणकावर ई-मेल नेताना या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित अपडेट देणे थांबवले आणि जुना संगणक बदलण्याचा प्रश्न अनेक छोट्या कचेऱ्यांपुढे उभा राहिला. बेळगावच्या उद्यमबागेतील मशीन शॉप असो, निपाणीतील आडत दुकान असो किंवा खानापुरातील पतसंस्था, अशा ठिकाणी आउटलूक किंवा थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये कित्येक वर्षांच्या ऑर्डरी, ड्रॉइंग आणि बिले साठलेली असतात. नवा संगणक आला की सर्वांचे लक्ष सर्व्हरचे नाव आणि पोर्ट क्रमांक यांकडे जाते. वास्तविक ती माहिती केव्हाही पुन्हा भरता येते. जुन्या संगणकाच्या डिस्कवर असलेले आणि दुसरीकडे कोठेच नसलेले मेल मात्र एकदा गेले की परत मिळत नाहीत.

म्हणूनच सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मेल नेमके कोठे आहेत हे न पाहता जुना संगणक एक्स्चेंजमध्ये देणे किंवा फॉरमॅट करून घेणे. खाते आयमॅप पद्धतीचे असेल तर मूळ मेल सर्व्हरवर राहतात आणि संगणकावर त्यांची प्रत असते. पॉप पद्धतीत मेल संगणकावर उतरवून घेतले जातात आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय बंद असल्यास, किंवा त्याला चौदा दिवसांसारखी मुदत घातलेली असल्यास, सर्व्हरवरची प्रत पुसली जाते. आउटलूकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज उघडल्यावर खात्यासमोर त्याचा प्रकार दिसतो. थंडरबर्डमध्ये तो सर्व्हर सेटिंग्जमध्ये लिहिलेला असतो. त्याहून सोपी आणि खात्रीची कसोटी अशी, की ब्राउझरमधून तेच खाते उघडावे आणि संगणकावरील सर्वांत जुना मेल तेथे सापडतो का ते पाहावे. सापडला नाही, तर तो फक्त त्या जुन्या डिस्कवर आहे असे समजून पुढचे पाऊल टाकावे.

आयमॅप खाते आहे म्हणून निर्धास्त राहणेही चुकीचे आहे. थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये किंवा आउटलूकच्या आर्काइव्ह फाइलमध्ये हलवलेले मेल सर्व्हरवर नसतात, आणि मेलबॉक्स भरली म्हणून कोणीतरी पूर्वी जुन्या वर्षांचे मेल तेथे सरकवलेले असण्याची शक्यता बरीच असते. कचेरीत हे काम करणारी व्यक्ती बदललेली असेल तर हे आवर्जून तपासावे.

फाइल उचलताना होणारा घोळ वेगळाच आहे. आउटलूकची ओएसटी फाइल ही सर्व्हरवरील मेलची तात्पुरती प्रत असते. ती नव्या संगणकावर नेऊन उघडत नाही. न्यायची असते ती मेल कायमचे साठवणारी पीएसटी फाइल, आणि तिचा पत्ता अकाउंट सेटिंग्जमधील ‘डेटा फाइल्स’ या भागात मिळतो. कॉपी करण्यापूर्वी आउटलूक पूर्ण बंद करावे. बाजारातील अनेक पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. ड्राइव्हवर ३० जीबी मोकळी जागा दिसत असूनही विंडोज ‘फाइल फार मोठी आहे’ असे सांगते ते यामुळेच. ड्राइव्ह रिकामा करून एक्सएफएटी किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केला की अडचण दूर होते. पीएसटी फाइल नव्या संगणकाच्या डिस्कवर उतरवून मगच उघडावी. पेन ड्राइव्हवरूनच ती वापरत राहिल्यास, मध्येच वीज गेली किंवा कोणी ड्राइव्ह ओढून काढला, तर फाइल खराब होऊ शकते. नव्या विंडोजसोबत येणाऱ्या ‘न्यू आउटलूक’मध्ये पीएसटीची सोय जुन्या आउटलूकइतकी नाही, त्यामुळे पॉपवर चालणाऱ्या कचेरीने क्लासिक आउटलूक किंवा थंडरबर्डच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. थंडरबर्डसाठी मेल आणि सेटिंग्ज असलेले संपूर्ण प्रोफाइल फोल्डर न्यावे, आणि नव्या संगणकावरील थंडरबर्ड जुन्या संगणकावरील आवृत्तीपेक्षा मागचे नसावे.

पासवर्ड बरोबर असूनही तो नाकारला जात असेल, तर वारंवार तोच टाकत बसू नये. वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी साध्या पासवर्डने मेल प्रोग्राम जोडण्याची सोय गूगलने ३० मे २०२२ पासून बंद केली आहे. गूगलच्या पानावरून साइन-इन करावे, किंवा टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त मेल प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड, तयार करावा. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की ॲप पासवर्डही रद्द होतात. येथे सीमाभागातील एक अडचण ध्यानात घ्यावी. अनेकांनी खाते उघडताना कोल्हापूरकडे नोकरीला किंवा शिक्षणाला असतानाचा मोबाइल क्रमांक दिलेला असतो आणि पुढे ते सिम बंद पडते. ओटीपी त्याच क्रमांकावर जातो. जुन्या संगणकावर खाते उघडे आहे तोवरच क्रमांक बदलून घ्यावा.

मेल येतात पण जात नाहीत, ही तक्रार बहुधा आउटगोइंग सर्व्हरची असते. एसएमटीपीसाठी, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीसाठी, पोर्ट २५ न ठेवता ५८७ ला स्टार्टटीएलएस किंवा ४६५ ला एसएसएल निवडावे आणि ‘आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागते’ या पर्यायावर खूण करावी. येणाऱ्या मेलसाठी आयमॅपला ९९३ आणि पॉपला ९९५ हे सुरक्षित पोर्ट आहेत. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची चूक दाखवली गेली तर आधी संगणकाची तारीख आणि वेळ तपासावी.

जुन्या मेलसोबतच्या फाइलींमधील मराठी किंवा कन्नड मजकूर विचित्र चिन्हांसारखा दिसू लागला, तर फाइल बिघडली असे समजू नये. श्रीलिपी किंवा नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट नव्या संगणकावर नसतात, बहुधा एवढेच कारण असते. मेलखालची स्वाक्षरी, मेल आपोआप वेगळे करणारे नियम आणि पत्त्यांची वही यांचीही आठवण ठेवावी.

दोन्ही संगणक काही आठवडे जवळ ठेवावेत; मात्र खाते पॉप असेल तर जुन्यावरील मेल प्रोग्राम बंदच ठेवावा, नाहीतर काही मेल इकडे आणि काही तिकडे उतरतात. नव्यावर सर्वांत जुना मेल उघडतो, त्याची जोडफाइल उघडते, आणि दुसऱ्या खात्यावर पाठवलेला मेल पोहोचून त्याचे उत्तरही येते, एवढे पाहून झाल्यावर जुन्या संगणकाचा ॲप पासवर्ड रद्द करावा, खाते काढावे आणि मगच डिस्क फॉरमॅटला द्यावी.