वसाहतकाळातला तह कसा वाचायचा
कलमांपासून सुरुवात करू नका, आधी सही कधी झाली आणि त्याआधी काय घडलं ते बघा. पेशवा दुसरा बाजीराव आणि इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातला वसईचा तह घ्या, ३१ डिसेंबर १८०२, आणि २५ ऑक्टोबरलाच होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांना हरवलेलं, दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेलेला, म्हणजे त्याच्याकडे पर्याय किती होते ते इथेच कळतं. मग पैसा शोधा: पेशव्यांनी कंपनीची फौज ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. "मैत्री" शब्दाशी पेन्सिलने खूण करून पुढचं नीट वाचा, दुसऱ्या राज्यांशी बोलणी कंपनीला विचारूनच करायची हेही त्याच तहात आहे, माझ्या मते स्वातंत्र्य खरं तिथेच गेलं. सही न केलेल्यांनाही विसरू नका, शिंदे आणि नागपूरकर भोसले या मराठा सरदारांना हा तह मान्य नव्हता, १८०३ मध्ये त्यांचं कंपनीशी युद्ध पेटलं.