नाशिक ते शिर्डी सायकलवर: वीस जणांच्या गटाचा एक दिवस

नाशिकहून सिन्नरमार्गे शिर्डी सुमारे ९० किलोमीटर. पहिल्यांदाच लांब पल्ल्याला निघणाऱ्या गटासाठी आम्ही हाच रस्ता सुचवतो. मोठा चढ एकच, मोहदरी घाटाचा, आणि तो पाय ताजे असतानाच येतो.

वेळेचा हिशेब गटातल्या सर्वांत हळू सायकल चालवणाऱ्यावरून मांडायचा. ताशी १८ किलोमीटर धरले तर पाच तास चालवणे आणि थांब्यांचा दीड तास. पहाटे साडेपाचला नाशिकचा द्वारका चौक सोडला तर बाराच्या आसपास शिर्डी. यापेक्षा उशिरा निघू नका. सिन्नरपुढे वावी-पाथऱ्याकडचा पट्टा कमी पावसाचा, सावली तुरळक, आणि हिवाळ्यातसुद्धा अकरानंतर ऊन लागतेच.

सायकल आदल्या दिवशीच तपासायची. रोड सायकलच्या ७००×२५ (२५ मिलिमीटर रुंद) टायरमध्ये साधारण ६५-७० किलोच्या माणसासाठी ८५ ते ९५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा, हायब्रिडच्या ३५ मिलिमीटरच्या टायरला ५५ ते ६५, एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) दोन इंची टायरला ३५ ते ४५. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडा, पेडल उलटे फिरवा आणि दहा मिनिटांनी फडक्याने पुसून घ्या. वर राहिलेले तेल धूळ धरते आणि चेन झिजवते. सीटची उंची टाच पेडलवर ठेवून बघा: पेडल खाली असताना गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. सीट खाली असेल तर साठ किलोमीटरनंतर गुडघ्याचा पुढचा भाग दुखू लागतो.

प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिममधून काढायची पट्टी), छोटा पंप आणि डिरेलरचा हँगर जवळ ठेवायचा. डिरेलर म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आणि हँगर म्हणजे तो फ्रेमला टांगणारा धातूचा तुकडा. हँगर मॉडेलप्रमाणे बदलतो, त्यामुळे दुसऱ्याचा सहसा चालत नाही आणि वाटेतल्या दुकानात मिळण्याची आशा धरू नये. सायकल उजव्या बाजूला पडली की पुन्हा बसण्याआधी मागून बघा: डिरेलर चाकाच्या रेषेत सरळ लोंबतोय का? हँगर आत वाकला असेल आणि घाटात सर्वांत हलका गिअर टाकला, तर डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. मग सायकल गाडीतच टाकावी लागते.

मदतीच्या गाडीत उभा पंप, चेन तोडायचे हत्यार, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन की, ब्रेक व गिअरच्या केबल, प्रथमोपचार पेटी आणि पाण्याचे जार. शक्य तर एक जादा चाकही.

वीस जणांची एक रांग करू नका. सहा-सात जणांचे तीन गट करा, प्रत्येकात वाट माहीत असलेला एक पुढे आणि पंक्चर काढता येणारा एक शेवटी. दोन गटांत किमान १०० मीटर अंतर ठेवा, म्हणजे ट्रकला ओलांडून मध्ये यायला जागा मिळते. रांग एकेरीच. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपले पुढचे चाक कधीही आणू नका. पुढचा खड्डा चुकवायला जरासा वळला की चाकाला चाक घासते आणि पडतो मागचा. गटातले बहुतेक अपघात असेच होतात. पुढच्याने ‘खड्डा!’, ‘खडी!’, ‘थांबतोय!’ असे ओरडायचे आणि तो शब्द प्रत्येकाने मागे पोहोचवायचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून दीड तास दिवे लागतात. मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवायचा तो फक्त शेवटच्याने. इतरांचे स्थिर, नाहीतर मागच्याचे डोळे दिपतात.

नाशिकरोड, शिंदे, पळसे मागे पडले की मोहदरी घाट. गिअर चढाआधीच हलका करा. पेडलवर जोर असताना बदलला की चेन उतरते. उतरलीच तर डिरेलरचा दांडा पुढे ढकलून चेन सैल करा, पुढच्या चक्राच्या खालच्या दातांवर अडकवा आणि पेडल सावकाश मागे फिरवा. घाटात एकमेकांसाठी थांबायचे नाही. ज्याने त्याने आपल्या लयीत चढावे आणि माथा ओलांडून मोकळ्या जागी जमावे. तिथे विंडचीटर घाला, कारण घामाने भिजलेला सुती टी-शर्ट पहाटेच्या वाऱ्यात लगेच गारठवतो.

सिन्नरला नाश्ता: पोहे, इडली, केळी. मिसळ आम्हालाही प्रिय आहे, पण तर्रीचे तेल घेऊन पुढचे साठ किलोमीटर पोट जड राहते. मिसळ परतल्यावर खा. इथेच शिर्डीकडे डावीकडे वळायचे असते. सरळ गेलात तर संगमनेरची वाट लागते, म्हणून वळणावर एक जण उभा ठेवा. शेवटचा गट वळेपर्यंत त्याने हलायचे नाही. समृद्धी महामार्गावर सायकलींना मनाई आहे, नकाशाने तिकडे दाखवले तरी जाऊ नका.

पुढे तासाला ५०० ते ७५० मिली पाणी, घोटाघोटाने. दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस, पुडीवर लिहिलेल्याच प्रमाणात. दर तासाला एक केळे आणि दोन-तीन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू. भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो.

पंक्चर झाले की आधी कारण शोधा. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रे असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. एकच असेल तर बाभळीचा काटा, किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार. टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा, बोट नको. तार अडकते तिथे कापडाचे धागे निघतात. ती न काढता नवी ट्यूब घातली तर पुढच्या दोन किलोमीटरांत तीही जाते.

प्रत्येक थांब्यावरून निघताना डोकी मोजा. शिर्डीच्या अलीकडे सावळीविहीरला सगळे गट एकत्र करा आणि शिर्डीच्या गर्दीत सायकलवरून उतरून चाला.